माझ्या नंबरवरून मी न केलेले फोन

एका मंगळवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या अडीच तासांत मला अकरा अनोळखी माणसांचे फोन आले आणि त्या अकराही जणांचे म्हणणे एकच होते, की आधी मी त्यांना फोन केला होता. पहिल्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने विचारले, "तुमचा मिस्ड कॉल दिसतोय, काही काम होतं का?" चुकून लागला असेल, असे सांगून मी तो विषय तिथेच सोडून दिला. तिसऱ्या बाईंनी मात्र माझे 'हॅलो' पुरे होण्याआधीच तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. "सकाळपासून चार वेळा सांगितलं ना, आम्हाला कर्ज नकोय म्हणून! पुन्हा पुन्हा फोन करायला काही वाटत नाही का?" त्यांचा राग अगदी खरा होता आणि तो माझ्यासाठी नव्हता, हे त्यांना पटवून देण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

सातवा फोन एका वृद्ध गृहस्थांचा होता. पत्नीच्या तपासणीचा अहवाल रुग्णालयातून फोनवर कळवणार होते, ते आंघोळीला गेले असताना फोन वाजून गेला, आणि तो तिथूनच आला असणार अशा समजुतीने त्यांनी घाईघाईने उलट फोन लावला होता. "म्हणजे तुम्ही हॉस्पिटलमधून बोलत नाही?" असे त्यांनी मला दोनदा विचारले. दुसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज खाली आला होता.

फोन ठेवल्यावर मी कॉल लॉग उघडून पाहिला. त्या दिवशी माझ्या फोनवरून दोनच कॉल गेले होते, एक बहिणीला आणि एक गाडी दुरुस्त करणाऱ्याला. फोन हॅक झाला असावा या भीतीने मी तो बंद करून सुरू केला, सिम कार्ड काढून पुन्हा बसवले, पासवर्ड बदलले. या सगळ्याचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण माझ्या फोनला काही झालेलेच नव्हते. कोणीतरी, कुठेतरी बसून, लोकांना फोन करताना पाठवणाऱ्याच्या जागी माझा नंबर लिहीत होता.

हे शक्य कसे होते, हे समजून घेतल्यापासून अनोळखी नंबरांकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता पाठवणारा स्वतःच लिहितो आणि टपाल खाते तो पडताळून पाहत नाही. फोनचेही बरेचसे तसेच आहे. दूरध्वनी कंपन्या आपापसांत कॉल जोडताना जी भाषा वापरत आल्या, ती सिग्नलिंग सिस्टीम नंबर ७ नावाची पद्धत १९७०च्या दशकात आखली गेली. त्या काळी या जाळ्यावर मोजक्या, बहुतेक सरकारी किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता. 'हा कॉल अमुक नंबरवरून येतो आहे' असे एका कंपनीने सांगितले की दुसरी ते खरे मानून पुढे सरकवीत असे. पुढे इंटरनेटवरून फोन करण्याची सोय आली, अगदी लहान कंपन्यांनाही या जाळ्यात शिरता येऊ लागले आणि कॉल करणाऱ्याचा नंबर हा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा एक रकाना होऊन बसला.

हा रकाना मुळात वाईट हेतूने ठेवलेला नाही, हेही सांगायला हवे. मोठ्या कार्यालयात शंभर टेबलांवर शंभर फोन असतात, पण बाहेर फोन केला की समोरच्याला स्वागतकक्षाचा एकच नंबर दिसावा अशी व्यवस्था असते. डॉक्टर घरून फोन करतात आणि रुग्णाला दवाखान्याचा नंबर दिसतो. ज्या दारातून ही सोय आत आली, त्याच दारातून लबाडही आत आले. आपल्या नंबराशी सुरुवातीचे चार-पाच आकडे जुळणारा नंबर दाखवणे ही त्यांची आवडती युक्ती आहे, कारण आपल्यासारखाच नंबर दिसला की कोणीतरी जवळपासचे असेल असे वाटून माणूस फोन उचलतो. माझी निवड बहुधा अशीच झाली असावी. यंत्राने एक मालिका घेतली, त्यात माझा नंबर होता, इतकेच.

तेव्हा पडद्यावर दिसणारा नंबर हा पुरावा धरू नये. तो समोरच्याने स्वतःबद्दल केलेला एक दावा आहे. हे मनात पक्के बसले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात. बँकेचा छापील नंबर जसाच्या तसा पडद्यावर आला तरी बोलणारा बँकेचा आहे असे सिद्ध होत नाही. कोणी त्रास दिला म्हणून त्याच नंबरवर उलट फोन करून शिव्या घातल्या, तर त्या बहुधा माझ्यासारख्या एखाद्या बाईला ऐकाव्या लागतात. (दोन वर्षांपूर्वी मीही एका नंबरवर असाच राग काढला होता. पलीकडचा मुलगा "मी नाही हो केला" असे सारखे म्हणत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता.)

नंबरावरून काहीच कळत नाही असे मात्र नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या मानकानुसार देशाच्या कोडसह कोणत्याही नंबरात जास्तीत जास्त १५ आकडे असू शकतात, देशाचा कोड एक ते तीन आकड्यांचा असतो आणि तो शून्याने सुरू होत नाही. अधिकचे चिन्ह (+) लावलेला नंबर या चौकटीत बसत नसेल तर तो बनावट आहे हे निःशंकपणे म्हणता येते. अधिकच्या चिन्हानंतरचे आकडे वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण 'मिस्ड कॉल देऊन गप्प बसणे' हा स्वतंत्र धंदा आहे. जपानीत त्याला 'वानगिरी' म्हणतात, म्हणजे एकदा वाजवून तोडणे. हजारो लोकांना एकेक घंटा दिली जाते, त्यातले काही जण कुतूहलाने उलट फोन करतात आणि तो कॉल महागड्या परदेशी मार्गाने जातो. त्या कॉलच्या शुल्कातला वाटा लबाडांना मिळत असल्याने आपल्याला लाइनवर जितके ताटकळत ठेवता येईल तितके ते ठेवतात, आणि त्यासाठी घंटा वाजत असल्याचा ध्वनिमुद्रित आवाजसुद्धा ऐकवतात. म्हणजे आपण पलीकडून कोणी उचलण्याची वाट पाहत असतो आणि कॉल केव्हाच लागलेला असतो. यात फसगत सोपी होते, कारण १ हा कोड अमेरिका आणि कॅनडासोबत कॅरिबियनमधल्या अनेक देशांचाही आहे. १ नंतर ४७३ असेल तर तो ग्रेनाडा आणि ८७६ असेल तर जमैका, पण पाहणाऱ्याला ते अमेरिकेतल्याच एखाद्या गावाचे आकडे वाटतात. अनोळखी परदेशी नंबराच्या एका घंटेला उत्तर देण्याची काहीही गरज नसते. ज्याला खरोखर काम आहे तो पुन्हा फोन करतो, निदान निरोप तरी पाठवतो.

दुसरी एक गोष्ट लोकांना विनाकारण घाबरवते. फोन उचलला की पलीकडे शांतता, आणि दोन-तीन सेकंदांनी कॉल बंद. कोणीतरी पाळत ठेवून आहे, घरात माणूस आहे की नाही ते पाहत आहे, असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा कारण फार साधे असते. विक्रीचे फोन करणाऱ्या केंद्रांमध्ये जे यंत्र नंबर लावते, ते बोलायला मोकळ्या असलेल्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकाच वेळी फिरवते, कारण त्यातले बरेचसे उचलले जाणार नाहीत हे गृहीत धरलेले असते. अंदाज चुकला आणि जास्त लोकांनी फोन उचलला की काहींच्या वाट्याला बोलणारा माणूस येतच नाही आणि त्यांना नुसती शांतता मिळते. अमेरिकेच्या टेलिमार्केटिंग नियमांत यावर मर्यादा आहे. उचललेल्या कॉलपैकी ३ टक्क्यांहून जास्त कॉल असे वाऱ्यावर सोडता येत नाहीत आणि आपले 'हॅलो' संपल्यापासून २ सेकंदांत माणूस बोलायला यावा लागतो. आपण दोन-तीनदा 'हॅलो, हॅलो' म्हणतो तेव्हा पलीकडे अजून कोणी आलेलेच नसते. म्हणून आता मी अनोळखी फोन उचलला तर एकदाच 'हॅलो' म्हणते आणि थांबते. उत्तराआधी एक पोकळ क्षण आणि मग एकदम गजबजाट ऐकू आला तर ते केंद्र आहे हे त्या पोकळीवरूनच कळते. 'आमच्या यादीतून नाव काढण्यासाठी ९ दाबा' असे यंत्र म्हणाले तर काहीही दाबू नये. फसवणाऱ्यांच्या यादीतून नाव निघत नाही, उलट हा नंबर चालू असून माणूस ऐकतो आहे एवढी पक्की नोंद होते.

फोन करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ॲप्सबद्दल माझे मत त्या मंगळवारनंतर बदलले. ही नावे सहसा सरकारी नोंदीतून आलेली नसतात. लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे नाव साठवले असेल, किंवा नंबरावर तक्रार करताना जे लिहिले असेल, त्यांच्या गोळाबेरजेतून ती तयार होतात. विक्रीचे फोन ओळखायला त्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण त्या अडीच तासांत ज्यांना 'माझे' फोन गेले, त्यांच्यापैकी काहींनी इमानदारीने माझ्या नंबराची तक्रार केली असणार, कारण आठवडाभरात मैत्रिणीने मला तिच्या पडद्याचे छायाचित्र पाठवले. तिच्या ॲपमध्ये माझ्या नंबरामागे लाल पट्टी होती आणि नाव होते, 'लोन फ्रॉड'. ती पट्टी काढायला मला तीन अर्ज आणि जवळपास दीड महिना लागला. त्याच ॲपवर कोणताही लबाड चार जणांच्या मदतीने स्वतःच्या नंबराला 'बँक मुख्य कार्यालय' असे नाव देऊ शकतो, हे त्या दीड महिन्यात माझ्या चांगलेच लक्षात आले. शिवाय असे ॲप आपली संपर्कयादी मागत असेल, तर आपण फक्त स्वतःचीच माहिती देत नसतो, हा विचारही परवानगी देण्याआधी करावा.

यावर तांत्रिक उपाय निघाले आहेत. 'स्टर' आणि 'शेकन' अशा गमतीदार जोडनावाच्या पद्धतीत कॉल सुरू करणारी कंपनी त्यावर डिजिटल सही करते आणि पोहोचवणारी कंपनी ती सही तपासते. सहीचे तीन दर्जे आहेत. पहिल्यात कंपनीला ग्राहक ठाऊक असतो आणि तो नंबर वापरण्याचा त्याचा हक्कही ठाऊक असतो, दुसऱ्यात फक्त ग्राहक ठाऊक असतो, आणि तिसऱ्यात कॉल आपल्या जाळ्यात कुठून शिरला एवढेच ती सांगू शकते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ही पद्धत ३० जून २०२१ पासून बंधनकारक झाली. तिची मोठी अडचण अशी, की सही इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यावरच टिकते. वाटेत कुठे जुन्या पद्धतीचा टप्पा लागला की ती गळून पडते, आणि परदेशातून आलेल्या कॉलवर ती अनेकदा नसतेच. आणि सही खरी असली तरी तिने नंबर खरा ठरतो, माणूस खरा ठरत नाही. रीतसर घेतलेल्या खऱ्या नंबरावरून खोटे बोलण्यावर या पद्धतीत काहीच उत्तर नाही.

म्हणून सगळा भार अखेर आपल्या वागण्यावर येतो. संपर्कयादीत नसलेल्या नंबरांची घंटा वाजूच नये अशी सोय आता फोनमध्येच असते, आयफोनमध्ये ती २०१९ पासून आहे. ती सुरू करून निश्चिंत राहावे असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अर्धवट वाटतो. त्या वृद्ध गृहस्थांनी ही सोय सुरू केली असती तर रुग्णालयाचा खरा फोनही त्यांना ऐकू आला नसता. ज्या दिवशी महत्त्वाच्या फोनची वाट पाहत असू त्या दिवशी ती बंद ठेवावी, एरवी खुशाल सुरू ठेवावी. अनोळखी फोन उचलणे धोक्याचे नसते, उचलल्यावर त्याच कॉलमध्ये काम उरकणे धोक्याचे असते. पलीकडच्याने बँक, पोलीस, वीज कंपनी, यांपैकी कोणतेही नाव घेतले तरी माझे उत्तर ठरलेले आहे: "ठीक आहे, मी थोड्या वेळाने तुमच्या कार्यालयात फोन करते." खरा माणूस यावर रागावत नाही. खोटा माणूस लगेच घाई करू लागतो, फोन ठेवला तर खाते बंद होईल किंवा अटक होईल म्हणतो, किंवा मोठ्या आपुलकीने स्वतःचाच एक थेट नंबर देऊ करतो. तो नंबर घ्यायचा नाही. कार्डाच्या मागे, बिलावर किंवा पासबुकावर छापलेलाच नंबर लावायचा. इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो ग्राहकसेवेचा नंबरही लावायचा नाही, कारण तिथेही खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. घरात जुन्या पद्धतीचा लँडलाइन फोन असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. काही ठिकाणी आपण रिसीव्हर ठेवला तरी फोन करणाऱ्याने ठेवला नसेल तर लाइन काही वेळ तुटत नाही, आणि आपण बँकेला म्हणून लावलेला फोन त्याच माणसाच्या कानात जातो. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून बोलणे उत्तम.

आता माझ्या आत्याची गोष्ट, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती जिची वाटते ती युक्ती तिच्यावरच होता होता राहिली. तिला पार्सलच्या नावाने फोन आला. पत्ता सापडत नाही, पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाशीच बोलून घ्या, त्याचा नंबर सांगतो तसाच लावा, असे म्हणून त्या माणसाने काही आकडे सांगितले. आत्याची एक जुनी सवय आहे. ती ऐकून नंबर कधीच लावत नाही, आधी कॅलेंडरच्या फाटक्या पानाच्या मागे लिहून घेते आणि मग चष्मा लावून एकेक आकडा दाबते. लिहिता लिहिता तिला काहीतरी खटकले आणि तिने त्या माणसाला "थांबा हं" म्हणून दुसऱ्या फोनवरून मला विचारले, "अगं, नंबराच्या आधी चांदणी कशाला असते?"

"कसली चांदणी?"

"चांदणी, मग दोन, मग एक, मग पुन्हा चांदणी. त्याच्यापुढे त्याचा नंबर आहे. आणि शेवटी ती जाळी."

मी तिला आधी तो फोन ठेवायला लावले. चांदणी, २१, चांदणी, पुढे एखादा नंबर आणि शेवटी हॅश, ही कोणाला फोन लावण्याची रीत नसून आपले सगळे कॉल त्या नंबराकडे वळवण्याची आज्ञा आहे. ती दाबली असती तर आत्याचा फोन तिच्या हातात राहिला असता आणि तिला येणारे कॉल त्या माणसाकडे गेले असते, ज्यांत फोन करून सांगितले जाणारे पडताळणीचे आकडेही आले. हे कोड जगभरच्या जीएसएम, म्हणजे मोबाईल फोनच्या सर्वांत प्रचलित पद्धतीच्या, जाळ्यांवर सारखेच आहेत. २१ म्हणजे सर्व कॉल, ६१ म्हणजे न उचललेले, ६२ म्हणजे फोन आवाक्याबाहेर असताना आलेले आणि ६७ म्हणजे लाइन व्यग्र असताना आलेले. आपले सर्व कॉल कुठे वळवलेले आहेत का ते *#२१# दाबून कळते आणि सगळी वळवणूक एकदम रद्द करायची तर ##००२# दाबावे. मी त्या दिवशी आत्याकडून दोन्ही करून घेतले. "पार्सल तर मी काही मागवलंच नव्हतं," हे तिला त्यानंतर आठवले.

आवाजावरही आता विसंबता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांच्या कृत्रिमरीत्या बनवलेल्या आवाजात फोन गेले, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने यंत्राने बनवलेल्या आवाजातले असे फोन कायद्याच्या कक्षेत येतात असे जाहीर केले. 'मी संकटात आहे, कोणाला सांगू नकोस' असा घरच्या माणसाच्या आवाजात अनोळखी नंबरावरून फोन आला तर तो ठेवून त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरावर फोन करायचा, असे आम्ही घरात ठरवले आहे. एक परवलीचा शब्दही ठरवला आहे. तो आत्याने सुचवला आणि तो इतका हास्यास्पद आहे की यंत्राला सुचणार नाही.

नंबर ब्लॉक करण्याचा मला फारसा उत्साह उरलेला नाही. मागे लागलेल्या एखाद्या ठरावीक विक्रेत्यासाठी ते ठीक आहे, पण रोज नवा मुखवटा घालणाऱ्याचा जुना मुखवटा अडवून काय साधणार, आणि तो मुखवटा एखाद्या खऱ्या माणसाचा चेहरा असू शकतो. त्यापेक्षा मी तारीख, नेमकी वेळ, दिसलेला नंबर आणि बोलणे असे चार शब्दांत टिपून ठेवते. पडद्यावर काहीही दिसले तरी तो कॉल कोणत्या कंपनीच्या जाळ्यातून आत आला याची नोंद दूरसंचार कंपनीकडे असते, आणि ती शोधायला नेमकी वेळच उपयोगी पडते. 'प्रायव्हेट नंबर' म्हणून येणाऱ्या धमक्यांनाही हेच लागू आहे. तिथे नंबर आपल्यापुरता झाकलेला असतो, जाळ्याला सहसा तो ठाऊक असतो.

माझ्या नावावरचे ते फोन तिसऱ्या दिवशी थांबले. लाल पट्टीही निघाली, पण ज्यांच्या फोनमध्ये जुनी यादी राहिली आहे त्यांच्याकडे ती अजून दिसत असावी, कारण दाताच्या डॉक्टरांकडच्या स्वागतिका माझा फोन पहिल्या खेपेला कधीच उचलत नाहीत. त्यामुळे आता कोणालाही नव्याने फोन करायचा असेल तर मी आधी नाव, काम आणि 'दहा मिनिटांनी या नंबरावरून फोन करते' असा निरोप पाठवते. दहा मिनिटांनी फोन केला की बहुतेक लोक उचलतात.